तांबा म्हणजे दुसरा

आमच्या कोनो मुलखात मुलांची नावं ठरवत नाहीत,
मोजतात.
पहिला मुलगा साहर, दुसरा तांबा, तिसरा आया.
मुलींत सिया, कुंबा, मग फिंदा.
मी फिंदा. तिसरी.
जन्मापासून क्रमांकच आहे मी,
म्हणून फ्रीटाऊनला गणित शिकायला गेले तेव्हा
घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

साथ ओसरल्यावर जिल्हा कचेरीने मला एक टेबल दिलं,
अर्धा दिवस चालणारा जनरेटर
आणि नोंदवह्यांची चार पोती.
क्लोरीनने पानं विटलेली,
नावं कुठे कुठे उडालेली, तारखा मात्र शाबूत.
प्रश्न एका ओळीचा होता:
दफन-पथकांचा उपयोग झाला का?

पथक यायचं पांढऱ्या पोशाखात.
मयताला घरच्यांनी न्हाऊ घालायचं नाही,
केस विंचरायचे नाहीत,
कानाशी वाकून निरोप सांगायचा नाही.
पिशवीची चेन, फवारा, खड्डा.
हे सगळं मी एका अक्षरात बसवलं:
एका अंत्यविधीतून किती जणांना लागण.
पथक त्याच दिवशी पोचलं तर इतकी,
चार दिवसांनी पोचलं तर तितकी.
अक्षर एवढंसं.
त्यात आमची आईसुद्धा बसली.

आई गेली त्या पहाटे
पथकाची गाडी बाफी नदीच्या काठी
चिखलात रुतलेली होती.
कुंबाने दार लावून घेतलं, पाणी कोमट केलं,
आईला अंघोळ घातली.
मग कुंबा आजारी पडली, उठली.
तिचा साहर पडला.
सहा वर्षांचा होता.

वहीत हे असं आहे:
‘सूचना पाळली नाही’, या रकान्यात एक टिंब.
शंभरातल्या सोळा घरांपुढे ते टिंब आहे.
सोळा हा आकडा मी दोनदा तपासला.
टक्केवारीत बहीण ओळखू येत नाही.

शेवटी दोन रेषा काढल्या.
खालची, साथ जशी गेली तशी.
वरची, पथकं नसती तर गेली असती तशी.
वरचीवर कुणी मेलेलं नाही,
तिच्यासाठी कुठे खड्डा खणलेला नाही.
दोन्हींच्या मधे नऊशे माणसं.
म्हणजे कमीत कमी चारशे, जास्तीत जास्त दोन हजार.
साहेब म्हणाले, इतकं ढिलं नको, एकच काय ते सांगा.
मी म्हटलं, उपयोग झाला.

संध्याकाळी कुंबा डबा घेऊन आली,
भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी.
पडद्याकडे बघत राहिली जरा वेळ.
“मी तेव्हा हात लावला नसता तर?
तुझं हे सांगेल?”

तसं सांगवता येतं.
एक ओळ बदलायची, कळ दाबायची.
साथ हजार वेळा येते, हजार वेळा जाते,
आई प्रत्येक वेळी मरते,
कोरडीच पुरली जाते,
आणि साहर कितीतरी वेळा

“नाही,” मी म्हटलं. “याला एकेकटं माणूस दिसत नाही.”
पुस्तकात असंच लिहिलंय.
तरी डब्याचं झाकण लावायला
मला बराच वेळ लागला.

तिच्या मागे तांबा उभा होता, बोटाला भात लागलेला.
त्याला कुणीही नाव विचारलं
की पुढचा प्रश्न ठरलेला:
थोरला कुठाय?

परतताना हिऱ्यांच्या जुन्या खाणीपाशी
एक बाई दारातून ओरडत होती,
“साहर! तांबा! ए आया, चपला कुठायत तुझ्या?”
तिघेही लाल धूळ उडवत आले.
एकही क्रमांक गळालेला नाही.
ही पोरं माझ्या दोन रेषांच्या मधली असतील,
किंवा नसतील;
साथ या दारापर्यंत कदाचित आलीच नसती.
त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही.

कुंबा थांबली होती.
ओठ हलत होते तिचे.
पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.